विकणाऱ्याची घाई

मस्कतच्या वादी अदाईतल्या आमच्या पहिल्या घरात नवी कोरी अशी वस्तू एकच होती, माझं देवघर. चिपळूणहून येताना साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मी ते आणलं होतं. बाकी सगळं घर दुसऱ्यांच्या घरांतून आलेलं. जेवणाचं टेबल एका केरळी कुटुंबाचं, फ्रिज एका फिलिपिनो नर्सबाईचा, आमच्या पूर्वाचं अभ्यासाचं टेबल एका इजिप्शियन मास्तरांच्या मुलाचं. त्याने कर्कटकाने त्यावर आपलं नाव अरबीत कोरून ठेवलं होतं. पूर्वा गणितं सोडवताना ते बोटाने गिरवत बसायची.

हे सगळं जमवलं ह्यांनी. ह्यांचं नाव भिकाजी. गाव गुहागर तालुक्यातलं, नोकरी मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात. पाइप, वायर, नळ, टाइल्स मागवायच्या आणि मागवण्याआधी पुरवठादाराचा भाव खाली आणायचा, हे दिवसभराचं काम. २०१० साली मी आणि पूर्वा इथे आलो, तोवर ह्यांनी बरीच वर्षं एकट्याने काढली होती आणि भाव पाडणं हाडात मुरलं होतं.

गल्फमध्ये राहिलेल्यांना लीव्हिंग सेल म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. व्हिसा संपला की माणसाला ठरल्या तारखेला देश सोडावा लागतो. मांडलेला संसार काही विमानात चढवता येत नाही. मग सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लागते, सोफा आहे, कपाट आहे, मालक जाणार आहे. तारीख जवळ येईल तसा भाव उतरत जातो. शेवटच्या दिवशी लोक फुकटसुद्धा देतात, वर पाणी विचारतात. हे अशा घरी गेले की वस्तूकडे आधी बघत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "तिकीट कधीचं आहे?" उत्तर आलं की ह्यांचा भाव तयार.

या फेऱ्यांत सोबत असायचे जाफरभाई. ते खेडचे. वादी अदाईतच त्यांचं सोफ्यांना कापड चढवायचं आणि ओमानी घरांतल्या मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या, गाद्या शिवायचं दुकान होतं. दुकान अर्थात अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, राबणारे जाफरभाई. ईद आली की त्यांच्या मशीनला विसावा नसायचा. त्यांच्याकडे व्हॅन होती, म्हणून सामान आणायला ते लागत. पण खरं म्हणजे ह्यांना त्यांची नजर लागायची. हे भाव बघायचे, जाफरभाई वस्तू बघायचे. सोफा उलटा करायचे, बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "भिकू, कापड मी बदलून देतो. चौकट कुजली असेल तर देवसुद्धा बदलून देणार नाही. सोड." पण भाव फारच पडलेला असला की हे सोडत नसत. तसे दोन सोफे आमच्याकडे येऊन मोडले.

ह्यांनी शेअर घ्यायला सुरुवात केली तीही याच डोक्याने. शुक्रवारी इथे सुट्टी आणि मुंबईचा बाजार मात्र उघडा. सकाळी माझी पूजा आटोपायच्या सुमाराला तिकडे बाजार सुरू व्हायचा. मी आत घंटा वाजवते आहे आणि हे बाहेर लॅपटॉपसमोर चष्मा पुसताहेत, अशी आमची शुक्रवारची सकाळ. लोक ज्या कंपन्यांचं नाव काढत नाहीत त्याच ह्यांना आवडायच्या. बंद पडत आलेली कापडगिरणी, पण तिच्याकडे जमीन आहे. तोट्यातला साखर कारखाना, पण त्याच्या यंत्रांची किंमत शेअरच्या भावापेक्षा जास्त आहे. जहाजाची कंपनी, खताची कंपनी. कोणीतरी कंटाळून, घाबरून विकतंय, त्याला बाहेर पडायची घाई आहे, तेवढं ह्यांना पुरे. थोडं थोडं सगळंच घ्यायचं आणि भाव जरा वर आला की विकून पुढचं शोधायचं. असं करता करता यादी एवढी लांबली की कुठली कंपनी काय बनवते हे कधीकधी ह्यांनाच उघडून बघावं लागे.

जुम्म्याची नमाज करून जाफरभाई आणि गुलबानू आमच्याकडे जेवायला यायचे. माशाचं ती घरून करून आणायची, कारण माझ्या स्वयंपाकघरात मासे शिजत नाहीत, आणि माझी आमटी-भात ती आवडीने खायची.

"वहिनी, आज याने किती मेलेल्या गिरण्या घेतल्या?" जाफरभाई हात धुता धुता विचारायचे.

"मेलेल्या नाहीत, झोपल्यात," हे म्हणायचे.

"तिरडीवर झोपल्यात! लोक खांदा देऊन निघाले आणि हा मधेच म्हणतो, थांबा थांबा, काय भाव लावलात?"

"तूही घे थोडे. चार वर्षांनी हसशील."

"ना बाबा. जे उलटं करून ठोकून बघता येत नाही ते मी घेत नाही."

पूर्वा हे ऐकून इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची आणि गुलबानू तिला म्हणायची, "मराठीत बोल गं, आम्हालापण हसू दे."

२०१४ साली बाजार वर गेला तसे ह्यांचे टाकाऊ शेअरही वर गेले. दारसैतच्या कृष्णमंदिरात मी पेढे ठेवले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक ह्यांना बाजूला घेऊन विचारू लागले, "भिकाजी, सध्या काय घ्यावं?" ह्यांच्या चालण्यात फरक पडला. मी देवघरातल्या माझ्या वहीत लिहिलं होतं, "देवा, यश दिलंस, आता पाय जमिनीवर राहू देत."

त्याच सुमारास माझ्या देवघरातही गर्दी होऊ लागली. मस्कत सोडून जाणाऱ्या बायका आपले देव माझ्याकडे आणून द्यायच्या. "सुगंधाताई, सामान फार झालंय, तुमच्याकडे रोज पूजा होते, ठेवून घ्या." देवाला नाही कसं म्हणायचं? कोणाचा बाळकृष्ण, कोणाची अन्नपूर्णा, दोन गणपती, एक पितळी मारुती. ताम्हनात मावेनात इतके झाले. स्नान घालताना कोणाला घातलं आणि कोण राहिलं याचा मला घोळ व्हायला लागला, पण मी घेत राहिले.

मग तेलाचा भाव पडला. २०१५च्या हिवाळ्यापासून एकेक कंपनी माणसं कमी करू लागली. सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठीवर चिठ्ठी लागली. आमच्या इमारतीच्या जिन्यात रोज कोणाचं तरी कपाट अडकलेलं असायचं. ह्यांच्या कंपनीतही पुरवठादारांची बिलं थकली, पगार उशिरा होऊ लागले. तिकडे मुंबईचा बाजारही घसरला. आणि मला सांगायला बरं वाटत नाही, पण ह्यांच्या तोंडावर तेव्हा उत्साह होता. "सुगंधा, अशी वेळ वारंवार येत नाही. जो तो विकायला निघालाय."

२०१६च्या सुरुवातीला जाफरभाईंचे अर्बाब वारले. म्हातारा भला होता. मुलाला दुकानात रस नव्हता, त्याने सांगून टाकलं, ईदपर्यंत चालवा, मग खलास. दुसरा कफील, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा ओमानी, शोधायला जाफरभाईंनी खूप पायपीट केली, पण तशा दिवसांत कोण नवा माणूस घेणार? खेडला परत जाऊन तिथे दुकान टाकायचं ठरलं. त्यासाठी हाती भांडवल हवं, आणि ते यायचं होतं इथल्या दुकानाच्या सामानातूनच. जाड कापड शिवायची दोन मशीन, कापडाचे तागे, फोम, व्हॅन. उभ्या आयुष्याची कमाई म्हणजे एवढंच.

मे महिन्यातला शुक्रवार. जेवणं झाली होती. गुलबानू आणि मी ओट्यापाशी भांडी आवरत होतो. बाहेर जाफरभाई म्हणाले, "भिकू, तू यातला माणूस. माझं सामान तूच घे. सावकाश वीक, तुला घाई नाही. मला योग्य काय ते दे."

आणि हे म्हणाले, "तिकीट कधीचं आहे?"

मी हातातली कढई खाली ठेवली. गुलबानूने नळ बंद केला.

"ईदनंतरचं," जाफरभाई म्हणाले.

ह्यांनी मान हलवली, तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि आकडा सांगितला. खऱ्या किमतीच्या निम्मा होता. आवाज अगदी रोजचा. त्यात दुष्टपणा नव्हता हे मी देवाशपथ सांगेन. एखाद्याने शिंक आल्यावर रुमाल काढावा तसा तो आकडा ह्यांच्या तोंडून निघाला.

जाफरभाईंनी चहा संपवला. आत डोकावून म्हणाले, "चहा छान झालाय, वहिनी." मग गुलबानूला, "यल्ला, निघू." ती ओल्या हातांनीच गेली. तिची माशाची पातेली माझ्याकडे राहिली.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. रमजान लागायचा आहे, कामं असतील, असं हे म्हणाले. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी आले नाहीत.

"बाजारात जो भाव आहे तोच सांगितला मी," हे मला म्हणाले. "याच्यापेक्षा जास्त कोणी देणार नाही त्याला."

"भावाचं मला कळत नाही," मी म्हटलं. "तिकीट का विचारलंत?"

हे नुसते बसून राहिले. संध्याकाळी मी दिवा लावला तरी तिथेच होते. मग उठून म्हणाले, "मी सगळं पूर्ण किमतीला घेतो. उद्याच सांगतो त्याला."

दुसऱ्या दिवशी हे गेले तेव्हा दुकान रिकामं होतं. भिंतीपाशी मशीनच्या पायांचे चार-चार डाग उरले होते आणि जाफरभाई फरशीवरचे दोरे झाडत होते. ह्यांनी विचारलं, कोणाला दिलंस. सिनावच्या बाजूचा कोणी व्यापारी, एका फेरीत सगळं घेऊन गेला. किती आले, विचारलं. जाफरभाईंनी आकडा सांगितला. ह्यांनी सांगितलेल्यापेक्षाही तो कमी होता.

"अरे, मग मी काय वाईट सांगत होतो?" हे म्हणाले.

जाफरभाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "तू जास्तच देत होतास. पण तो माझा कोणी नव्हता रे. त्याने तिकीट विचारलं, मी सांगितलं. त्रास नाही झाला."

घरी येऊन ह्यांनी मला हे शब्द न शब्द सांगितलं आणि त्यानंतर जाफरभाईंचं नाव घरात कितीतरी दिवस निघालं नाही. निरोपाला आम्ही गेलो होतो. ह्यांनी हात पुढे केला, त्यांनी मिळवला. गुलबानूने तिच्या गॅलरीतलं कढीपत्त्याचं रोप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "देव देत नाहीये, घाबरू नको. याला नुसतं पाणी घाल." मी रडत होते, तरी हसले.

त्यानंतर दर शुक्रवारी हे सवयीने लॅपटॉपपुढे बसायचे, पण बोटं चालायची नाहीत. एकदा मी घंटा ठेवून बाहेर आले तर म्हणाले, "सुगंधा, हा भाव बघ. कोणीतरी विकतोय. एवढ्या पडेल भावात कशाला विकत असेल? पोरीचं लग्न असेल, आजारपण असेल. इतकी वर्षं मला पलीकडचा माणूस दिसत नव्हता म्हणून बरं चाललं होतं. आता तिथे जाफर दिसतो."

"म्हणजे आता घ्यायचं बंद?"

"बाजारात कोणीतरी घेणारच. मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. तो प्रश्न नाही." मग लॅपटॉप मिटून म्हणाले, "मी आयुष्यभर माणसाची घाई विकत घेतली. वस्तू घेतलीच नाही. जाफर सोफा उलटा करून दाखवायचा तेव्हा मी घड्याळ बघत होतो."

त्याच आठवड्यात मी देवघर आवरायला काढलं होतं. माझ्या सासूबाईंचा दंडक होता की ज्या देवाला रोज हाताने स्नान घालता येत नाही, तो घरात ठेवू नये, ज्याच्याकडे होईल त्याला द्यावा. मी एकेक मूर्ती पुसून कापडात बांधत होते. मंदिरातल्या ओळखीच्या बायकांनी हौसेने मागितल्या होत्या. हे शेजारी येऊन उभे राहिले. "किती ठेवणार?"

"आपले पाच. त्यांची मला ओळख आहे."

हे तिथून निघाले ते शेअरची यादी घेऊन बसले. प्रत्येक कंपनीपुढे ती काय करते, कोण चालवतं, आपण ती का घेतली, हे न बघता लिहायचं, असं ठरवलं. बऱ्याच नावांपुढे कागद कोराच राहिला. त्या सगळ्या विकायला ह्यांनी सुरुवात केली. काही तोट्यात गेल्या. ती कापडगिरणी विकली आणि वर्षभरात तिची जमीन कोणा बिल्डरने घेतली, शेअर तिप्पट झाला. मला वाटलं, आता हे जेवणार नाहीत. पण म्हणाले, "जाऊ दे. ती मला कधी कळलीच नव्हती."

२०१७ला कंपनीने ह्यांना दुक्मला पाठवलं. मस्कतपासून सहा तासांचा रस्ता, तेलशुद्धीकरणाचं काम, पुरुषांची छावणी, वाळू आणि वारा. मी आणि पूर्वा भाडं कमी म्हणून अल अमेरातला राहायला गेलो. हे महिन्यातून एक-दोनदा यायचे. रोजचा भाव बघणं तिथे जमण्यासारखं नव्हतं, आणि आता तशी गरजही नव्हती. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कंपन्या उरल्या होत्या. नवी घ्यायची तर हे वेगळंच काही करायचे. खरेदी खात्यात असल्याने भारतातले किती तरी पुरवठादार ओळखीचे. त्यांना फोन करून विचारायचे, "अमक्या कंपनीला तुम्ही माल देता ना? बिल वेळेवर निघतं? बाजार पडला की तुमचा गळा धरतात की सांभाळून घेतात?" जी कंपनी सांभाळून घेते, ती ह्यांच्या कागदावर चढायची. मग तिचा भाव.

"महाग नाही वाटत?" मी एकदा विचारलं. मलाही आता थोडं कळायला लागलं होतं, कारण डिव्हिडंडचे निरोप माझ्या फोनवर यायचे.

"पूर्ण किंमत आहे. महाग नाही." हे म्हणाले. "चौकट चांगली असली की पूर्ण किंमत द्यावी."

चौकट हा शब्द जाफरभाईंचा. तीन वर्षांत ह्यांनी जाफरभाईंना फोन केला नव्हता. माझं आणि गुलबानूचं चालू असायचं. खेडच्या दुकानाचं तिच्याकडून कळायचं. भांडवल अपुरं पडलं, पहिलं मशीन हप्त्याने घेतलं, दुसऱ्याला दोन वर्षं लागली. मी हे ह्यांना सांगायची. हे ऐकून घ्यायचे आणि बाहेर जाऊन कढीपत्त्याला पाणी घालून यायचे. अमेरातच्या उन्हात ते झाड तगलं ते ह्यांच्यामुळे.

२०१९च्या डिसेंबरात आम्ही सुट्टीवर चिपळूणला होतो. तिथल्या आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्याचं कापड विरलं होतं. मी म्हटलं, "खेडला जाऊ या?"

"तो तोंड बघेल का माझं?"

"ते तिथे गेल्यावर कळेल."

सोफ्याच्या बैठका टेम्पोत टाकून आम्ही गेलो. दुकान लहान, पण दोन मशीन, वर कापडाचे तागे नीट लावलेले. जाफरभाईंची दाढी पांढरी झाली होती. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग बैठकीकडे. एक उलटी केली, पेराने ठोकली. "चौकट चांगली आहे," म्हणाले. "नवीन घेतलास वाटतं. हे लीव्हिंग सेलचं लाकूड नाही."

"नवीनच घेतला होता," हे म्हणाले.

जाफरभाईंनी कापड दाखवलं, माप घेतलं आणि मजुरीचा आकडा सांगितला. चांगलाच मोठा होता. मला कळलं की तो मुद्दाम आहे. हे लगेच म्हणाले, "चालेल." आणि पाकीट काढायला लागले.

जाफरभाईंचा चेहरा पडला. मशीनवरचा हात त्यांनी काढून घेतला. "चालेल? एवढंच?"

"तू सांगशील ते. मी कमी करणार नाही."

"भिकू," ते हळू म्हणाले, "गिऱ्हाईक चालेल म्हणतं. परका माणूस चालेल म्हणतो. तू इतक्या लांबून माझ्याशी परक्यासारखा वागायला आलास?"

हे पाकीट हातात धरून उभे. मला वाटलं, आता उलटे फिरतील. गुलबानू आतून चहा घेऊन आली होती, तीही दारातच थांबली.

मग ह्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि म्हणाले, "निम्मे देईन."

"निम्मे? शरम वाटते का? कापड बघितलंस?"

"कापड राहू दे. दोरा कुठला वापरतोस ते सांग आधी."

"दोऱ्याचं तू मला शिकवणार? मेलेल्या गिरण्या घेणारा!"

"विकल्या त्या सगळ्या."

जाफरभाई थांबले. "खरंच?"

"खरंच. तिप्पट झाली त्यातली एक, विकल्यावर."

यावर जाफरभाई इतके हसले की मशीनवर हात टेकून उभे राहिले. हसता हसता डोळे पुसले, की आधीच पाणी होतं, कोण जाणे. गुलबानूने चहा ठेवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बस इथे. यांचं आता लवकर होत नाही."

खरंच झालं नाही. एक वर चढायचा, दुसरा खाली ओढायचा. मधेच दुक्मचा विषय निघायचा, मग पूर्वाच्या पुण्यातल्या कॉलेजचा, मग परत मजुरी. आमच्या परतीच्या तिकिटाला अजून पंधरवडा होता, ते कोणी विचारलंही नाही. दुपारची अजान झाली तशी जाफरभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली आणि चपला शोधल्या.

"मी नमाज पढून येतो," ते म्हणाले. "तू तुझ्या आकड्यावर बसून राहा, मी माझा सोडणार नाही. आणि जेवूनच जायचं. गुलबानूने वहिनींसाठी आमटी वेगळी टाकलीय."

हे कापडाच्या ताग्यावर बसून राहिले. जाफरभाई रस्ता ओलांडून दिसेनासे झाले, तसे उठून एक बैठक उलटी केली आणि बोटाच्या पेराने लाकडावर ठोकून, कान देऊन ऐकू लागले.